सुनंदाला ओलांडून गेलेली बाई

डिसेंबरातला दुसरा रविवार. हजर – मी, आमचे हे, आणि बीडला समोरच्या घरात राहणारी माझी जुनी मैत्रीण सुनंदा. मार्ग – बालाघाटच्या डोंगरकडेने नेकनूरकडे जाणारी पायवाट, चार दिवसांच्या चालीतला तिसरा टप्पा.

हे आधी लिहिते, कारण असले अनुभव सांगणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच विचारायचे – कधी, कुठे, कोण कोण होतं? भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही... म्हणूनच तर अडकलेय.

चालीचा नियम मीच घातलेला – शेवटच्या माणसाने कुणालाही ओलांडून पुढे जायचं नाही. सुनंदाचं माहेर नेकनूर, वाटा तिच्या पायाखालच्या, म्हणून ती पुढे. शेवटी मी.

सकाळ फार सुंदर गेली. काळविटांचा कळप दिसला, खोकडाची जोडी दिसली. आमचे हे पावलागणिक दुर्बीण काढत होते.

"भाऊजी, ह्या चालीनं आपण परवाच पोचतो बगा," सुनंदा म्हणाली.

पाणवठ्यावर मोर उतरले तेव्हा तर हे जागचे हलेनात. "मी होते पुढं, या तुमी," म्हणून सुनंदा निघाली. मी यांच्या शेजारी दगडावर बसून फोटो काढत राहिले. चांगला अर्धा तास. तिथून मी उठले नाही.

मग आम्हीही उतरायला लागलो. वळणावर शेळ्या राखणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. मला बघून दचकल्याच.

"आँ? तुमी तर मगाशीच हितून खाली गेलतात. परत वरून कशा काय?"

"ती माझी मैत्रीण असेल, आजी."

"न्हाई वं बाई. ती तुमच्या आधी गेली. मागून तुमी. हीच टोपी."

मी हसून पुढे झाले. थोडं खाली एका झाडाखाली सुनंदा पाय धरून बसलेली, घोटा टम्म सुजलेला. मी सॅक टाकून धावले, तर तिने पाय ओढून घेतला.

"हात लावू नको. आता कशाला आलीस?"

"अगं, झालं काय?"

"पाय मुरगळला. तू येताना दिसलीस, किती वरडले मी! थांबलीस, माझ्या तोंडाकडं बगून बोललीस, आन् गेलीस निघून. कुणाला वलांडायचं न्हाई, ह्यो नेम तुझाच ना गं? बोललीस ते मरेपर्यंत इसरणार न्हाई."

"मी वर पाणवठ्यावर होते! यांना विचार."

हे गळ्यातली दुर्बीण चाचपत म्हणाले, "होती... बहुतेक. म्हणजे माझं लक्ष मोरांकडे होतं गं. मधे ही उठली असेल तर मला काय कळणार?"

बहुतेक! आजींचं बोलणं मी हसण्यावारी नेलं होतं, पण हा शब्द मात्र झोंबला. शेजारी बसलेल्या बायकोची खात्री या माणसाला देता येईना. रस्त्यापर्यंत दोघांनी मिळून सुनंदाला आणलं, पण तिने आधार घेतला तो यांचाच. तिथे मिळालेल्या जीपमध्येही ती पुढे बसली.

रात्री मी तिला मोरांचे फोटो पाठवले, वेळेसकट. उत्तर आलं – "फोटो भाऊजींनी बी काढले असतील."

त्या वाटेवर दुसरं कुणी चालत होतं का, याची खालच्या वस्तीवर चौकशी केली. कुणी नव्हतं. वेदनेने सुनंदाला भास झाला म्हणावं, तर आजींना कुठे काय दुखत होतं? आणि सुनंदा माझा चेहरा चुकेल, हे मला पटत नाही.

आता ती अंगणात चालते, मी दिसले की आत जाते. घरात यांच्याशी मी कामापुरतं बोलते.

तिच्या फाटकापर्यंत मी दोनदा जाऊन आलेय. ते बोलणं भलतंच काही निघालं, मी कधीच बोलणार नाही असं, तर मी सुटले. पण ऐकल्यावर ते माझंच वाटलं तर?

ती बाई नेमकं काय बोलली, हे सुनंदाला विचारायचं अजून राहिलंय.