आप्पांचा एकट्याचा फोटो

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवापुढंही नाही — तिथं बसलो की दुसरंच काहीतरी मागून उठतो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल.

शिक्रापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी घेतो. कॅमेऱ्यात एकच मेमरी कार्ड बसतं, म्हणून माझी पद्धत ठरलेली — भरलेलं कार्ड शर्टाच्या डाव्या खिशात, रिकामं उजव्या. रिकामं घातलं की आधी फॉरमॅट मारायचं. सगळं पुसू का, असं कॅमेरा विचारतो. पण रोज तेच विचारणाऱ्याकडं कोण लक्ष देतं? बोट आपोआप 'ओके' दाबतं.

इनामगावच्या अलीकडं एका वस्तीवर वर्षाचं लग्न होतं. नवरा दौंडचा, रेल्वेत. व्हिडिओवाला सांगितलेला नव्हता, सगळी भिस्त माझ्यावर. वर्षाचे वडील, आप्पा, फोटोला भलते लाजरे. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचे. पण त्या दिवशी फेटा बांधून झाल्यावर स्वतःच पुढं आले. "माझा येकट्याचा काढ रं एक. पोरीला लावू दे तिच्या घरात." सरळ माझ्याकडं बघून हसले. फार चांगला आला होता हो तो फोटो.

अक्षता पडल्या, कार्ड भरलं. जेवणं झाल्यावर आप्पांनी मला आहेर केला — बाकीच्यांना टोपी-टॉवेल, मला अख्खा शर्ट. वर आग्रह, की आत्ताच घाल. अशा माणसाला नाही म्हणता येतं का? घातला. त्या शर्टाला खिसा एकच होता. दोन्ही कार्डं त्यात टाकली. मधे वर्षाचा भाऊ गणेश आला, स्टेटसला ठेवायला नवरा-नवरीचा एक फोटो हवा म्हणाला. भरलेलं कार्ड मोबाईलला जोडून त्यानं फोटो घेतला आणि कार्ड परत आणून दिलं. तेही मी त्याच खिशात टाकलं.

पाठवणीच्या वेळी एक कार्ड काढलं, घातलं, फॉरमॅट मारलं.

चार फोटो काढल्यावर मनात पाल चुकचुकली. दुसरं कार्ड घालून बघितलं — कोरं. म्हणजे पुसलं ते लग्नाचं. समोर वर्षा आप्पांच्या गळ्यात पडून रडत होती आणि मी त्या कोऱ्या कार्डावर फोटो काढत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

खरं सांगू का — तोवर फक्त चूक होती. फॉरमॅट मारलेल्या कार्डावर पुन्हा फारसं काही काढलं नाही, तर फोटो बरेचदा परत मिळतात. पुण्यात ते काम करणारे आहेत. मला माहीत होतं. पण अल्बम मागायला घरचे आले, तेव्हा माझ्या तोंडातून गेलं — "मोबाईलला जोडल्यावर कार्ड करप्ट झालं." ठरवून नव्हतो बोललो. पण बोललो. सगळ्यांच्या माना गणेशकडं वळल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गणेश बिचारा म्हणाला, पुण्याला नेऊ, मीही येतो. तिथला माणूस बघताक्षणी सांगेल की हे फॉरमॅट मारलंय — म्हणून मी म्हणालो, मी नेलं होतं, उपयोग झाला नाही. नेलं नव्हतं. एकटा गुपचूप गेलो असतो तर? उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. लग्नसराई होती. एका ऑर्डरीत कार्ड कमी पडलं आणि मी तेच घातलं. तेव्हा कुणी जबरदस्ती केली नव्हती.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आप्पा गेले. हार्ट अटॅक. घरात त्यांचा धड फोटो नव्हता. पाव्हण्यांच्या मोबाईलमधे शोधलं — सगळीकडं आप्पा पंगतीत वाढताना, पाठमोरे. वर्षा दहाव्याला आली, तेव्हा सगळ्यांदेखत गणेशला म्हणाली, तू माझा बाप दुसऱ्यांदा नेलास. त्यानंतर ती भाऊबिजेला आलेली नाही. दौंड काही लांब नाही. गणेश तिच्याकडं गेला की ती आतल्या खोलीतून बाहेर येत नाही.

आप्पांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घ्यायला गणेश माझ्याकडंच आला होता. मी कॉम्प्युटरवर तो साफ करत बसलो. कितीही केलं तरी चेहरा धुरकटच येत होता. गणेश शेजारच्या स्टुलावर बसला होता. मधेच म्हणाला, "दादा, माझ्यामुळं तुमचंबी नाव खराब झालं. माफ करा मला."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. जीभ टाळ्याला चिकटून बसली होती, असंही नाही — कारण मी बोललो. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे गणेश. मी कधीच माफ केलंय तुला."

तो रडला. मग माझ्या पाया पडून गेला.