आत काही ऐकू येत नाही

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळपास सगळं माहीत आहे. लग्नाआधी मी एकीला चिठ्ठ्या लिहायचो ते, अजूनही दुकानामागे जाऊन तंबाखू मळतो ते, शुगरची गोळी चुकवतो आणि घेतली म्हणून सांगतो तेही. हे एक तेवढं माहीत नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. चार वर्षं झाली, मी हे कुणापुढे उच्चारलेलं नाही — एकटा असतानासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. नक्की कशासाठी, मलाही ठाऊक नाही.

आधी जरा धंद्याचं बोलतो. टाळाटाळ करतोय असं वाटेल — तर करतोच आहे.

मुंबई नाक्याच्या अलीकडे माझं दुकान आहे. गाड्यांचं आतलं काम करतो. सीटा, छताचं कापड, दारांची पॅनलं, स्टिअरिंगचं कव्हर. लोक येतात आणि म्हणतात, आत बसलं की भारी वाटलं पाहिजे. आता भारी म्हणजे काय, हे शंभरातल्या एकालाही सांगता येत नाही. चामडं लावा म्हणतात. अहो, चामडं काय, कुणीही लावतं! शिलाई बघावी. टाका सरळ हवा, सारख्या अंतराचा हवा, आणि हात फिरवला तर बोटाला लागता कामा नये. वास बघावा — म्हणजे वास नसावाच. ज्या गाडीत अत्तराची बाटली लटकते त्या गाडीत काहीतरी लपवायचं असतं. आणि दार लावून बघावं. पत्र्याच्या डब्यासारखं वाजलं की संपलं. चांगलं दार धप्प करून मिटतं, गोणी खाली टेकवल्यासारखं. त्यासाठी आम्ही पॅनल उघडून आत काळ्या जाड शीटा चिकटवतो, कडेला रबर दुहेरी करतो. मग काच वर घेतली की रिक्षा, हॉर्न, डीजेवाले, भांडणारे, सगळे मुके होतात. माणूस आत बसून नुसता बघत राहतो. बाहेरचं बाहेर राहिलं की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. वीस-बावीस वर्षं मी हेच विकत आलोय, आणि मला ते चांगलं विकता येतं.

माझी स्वतःची गाडी हीच माझी जाहिरात. जुनीच घेतली होती, पण मोठी. आतलं सगळं उपसून मी माझ्या हाताने केलं. सीटा क्रीम रंगाच्या. नाशिकच्या धुळीत क्रीम सीटा म्हणजे शुद्ध वेडेपणा, बायको तेव्हाच म्हणाली होती. पण गंमत त्यातच आहे ना. क्रीम सीट म्हणजे काय? या माणसाचा चिखलाशी संबंध नाही, हे न बोलता सांगणं.

आता माझा चिखलाशी संबंध नाही, हे कुणी म्हणावं? आमचं घर गिरणाऱ्याच्या रस्त्याला. भाजीपाला पिकवणारं. मेथी, कोथिंबीर, कडेला दसऱ्या-दिवाळीपुरता झेंडू. पहाटे जुड्या बांधून आम्ही मार्केटला पाठवायचो; माझ्या नखांतली माती दहावीपर्यंत निघाली नव्हती. पुढे मी शहरात आलो, शिवण शिकलो, दुकान टाकलं, इंदिरानगरला फ्लॅट घेतला. वावर दादाने सांभाळलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंच.

गाडी तयार झाली त्या दिवशी मी ती गावी नेली होती. दादाने पॅन्ट मागून झटकली, चपला काढून बाहेर ठेवल्या, आणि मग बसला. सीटवर हात फिरवला. म्हणाला, "टाका हाताला लागत नाय रे. तू शिवलं?" मी हो म्हणालो. माझ्या कामाचं एवढं नेमकं कौतुक नंतर कुठल्या गिऱ्हाइकानेही केलेलं नाही. वहिनी मात्र आत बसल्या नाहीत. साडीला खत लागलंय, म्हणाल्या, पुढल्या टायमाला बसते. मी आग्रह केला का? नाही केला. मला बरंच वाटलं होतं.

बघा, सांगता सांगता मी किती लांब आलो. आता येतो मुद्द्यावर.

डिसेंबरातली सकाळ होती, दहाच्या आसपासची. एक हॉटेलवाले साहेब माझ्याकडे आले होते. घरात तीन गाड्या, तिन्हींचं काम करून घ्यायचं होतं. मी त्यांना माझ्या गाडीत मागे बसवलं आणि नेहमीच्या रस्त्याने निघालो — गंगापूर रोडने बाहेर, मग गिरणाऱ्याकडे. हा रस्ता मी मुद्दाम घ्यायचो. मधे खराब पट्टा आहे, ट्रॅक्टर, पिकअप असतात, आवाज असतो. तिथे पोहोचलं की माझं एक ठरलेलं वाक्य होतं. "साहेब, आता डोळे मिटा, आणि बाहेरचं काही ऐकू येतंय का सांगा." साहेबांनी डोळे मिटले.

आमच्या वावराशी एक गतिरोधक आहे. तिथे गाडी अगदी सावकाश घ्यावी लागते.

रस्त्याखालच्या मोरीच्या कडेला कुणीतरी आडवं पडलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. शर्टावर ओकारी. मला आधी चिखल दिसला — मग भाऊ दिसला. हे वाक्य मी मनात कितीदा उलटं करून बघितलं, पण ते असंच आहे. शेजारी वहिनी होत्या. साडीवर दादाचाच जुना शर्ट घातलेला, डोक्याला टॉवेल. त्यांनी गाडी ओळखली. त्यांचा चेहरा कसा झाला, सांगू? सुटका झाल्यासारखा. देव भेटावा तसा. हात वर करून त्या पळत आल्या आणि त्यांनी हाक मारली.

"भाऊजी! ओ भाऊजी!"

मी समोर बघितलं.

एवढंच केलं मी. ओरडलो नाही, वेग वाढवला नाही, काही नाही. पुढचं चाक गतिरोधकावरून उतरलं, मागचं उतरलं, आणि मी सावकाश गिअर टाकला. माझ्या मनात काय होतं? खरं सांगतो — क्रीम सीटा होत्या. तो चिखल, ती ओकारी, आणि मागे बसलेले साहेब. साहेबांना खाली उतरवायचं, हा माझा भाऊ आहे म्हणून सांगायचं, त्याला त्या सीटवर निजवायचं. एवढं सगळं पाच-सहा सेकंदांत माझ्या डोक्यातून गेलं, आणि त्याच पाच-सहा सेकंदांत मी ठरवलं की रस्ता रहदारीचा आहे, कुणीतरी थांबेलच.

आणि ऐका. मागून साहेब म्हणाले, "कुणी हाक मारली का हो?"

म्हणजे मागच्या सीटवर, डोळे मिटून बसलेल्या परक्या माणसालासुद्धा ऐकू आली होती. कितीही शीटा चिकटवा, माणसाची हाक पूर्ण कधीच अडत नाही. हॉर्न अडतो, इंजिन अडतं, हाक थोडी आत येतेच. हे या धंद्यात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी मी म्हणालो, "भास झाला असेल, साहेब. आत काही ऐकू येत नाही." साहेबांनी हसून पुन्हा डोळे मिटले.

परत फिरता आलं असतं. पुढे गोवर्धनला साहेबांना चहाला बसवून दहा मिनिटांत मागे येता आलं असतं. मी काय केलं? मी दुगावकडून वळसा घातला आणि मखमलाबादच्या बाजूने शहरात आलो, म्हणजे तो गतिरोधक पुन्हा लागणार नाही. पहिली चूक घाबरून झाली असं म्हणता येईल. ही दुसरी मी नकाशा डोक्यात धरून केली.

दादा कोथिंबिरीला पाणी भरत होता. एकदम तोंड वाकडं झालं आणि तो वाफ्यातच कोसळला. वहिनींनी त्याला काखेत धरून रस्त्यापर्यंत ओढत आणलं होतं, एकटीने. माझी गाडी गेल्यावर बराच वेळ कुणी थांबलं नाही. शेवटी एक पिकअपवाला थांबला. त्याच्या गाडीत कोबी भरलेला होता. निम्मा कोबी रस्त्यावर उतरवून त्यांनी जागा केली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ झालीये, आणखी थोडं आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता. दादाची उजवी बाजू गेली ती गेली. बोलणंही गेलं. आता तो "ब" म्हणतो, नुसता "ब", आणि त्या एका अक्षरात पाणी, दूध, ऊन, राग, सगळं मागतो. त्या दिवशी त्याने गाडी पाहिली होती का? चेहरा रस्त्याकडेच होता. त्याला विचारण्याची हिंमत मला झालेली नाही, आणि विचारलं तरी तो काय सांगणार?

मला दुपारी फोन आला. धावत दवाखान्यात गेलो. वाटेत मी मनाशी कबूलच करून टाकलं होतं — जाताक्षणी वहिनींच्या पायावर डोकं ठेवायचं. जिन्यातच त्या भेटल्या. हात कोपरापर्यंत वाळलेल्या चिखलाचे. मला बघून रडत म्हणाल्या, "तुमचीच गाडी गेली ना हो तिथून? हाका मारल्या मी, भाऊजी. तुम्हाला नाय ऐकू आलं."

विचारलंसुद्धा नाही त्यांनी. उत्तर आयतं माझ्या हातात दिलं. आणि मी ते घेतलं. "वहिनी, आत काही ऐकू येत नाही हो," मी म्हणालो, आणि रडलो. रडणं खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. सोंग घेतलेला रडायला लागला की त्याला उलट पाणी आणून देतात. मला आणून दिलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी पाठीवर हात ठेवला आणि म्हणालं, गाडीच तशी आहे त्याची, तो तरी काय करणार.

ही गोष्ट पसरली. त्यानंतर वर्षभराने एक गिऱ्हाईक दुकानात आलं आणि जपून, सहानुभूतीच्या आवाजात म्हणालं, "तुमच्या गाडीत घरच्यांची हाकसुद्धा ऐकू आली नाही म्हणे." मी मान खाली घातली. त्याला ते दुःख वाटलं. मग त्याने विचारलं, तसंच काम माझ्या गाडीला होईल का? मी त्याला शीटचा तुकडा हातात दिला आणि जाडी समजावून सांगितली.

आता दर पंधरा दिवसांनी मीच दादाला व्यायामासाठी घेऊन जातो. त्याच गाडीतून. वहिनी आधी सीटवर चादर घालतात, तिच्यावर टॉवेल, मग त्याला बसवतात — त्याची लाळ गळते ना, सीट खराब होईल म्हणून. राहू द्या म्हटलं तरी ऐकत नाहीत. "तुमच्या हातची शिलाई हाय," म्हणतात.

आणि आता ते सांगतो, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला बसलो. गाडी थांबवली नाही ते नाही. त्याच्याहून वाईट.

गेल्या चैत्रात असंच परत येत होतो. दादा पुढे माझ्या शेजारी झोपला होता. वहिनी मागे बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल? मी दोनच हाका मारल्या. तिसऱ्या टायमाला आवाजच फुटंना माझा. आजून एक मारली असती, जोरात, तर तुम्हाला ऐकू आली असती का?"

म्हणजे इतकी वर्षं ही बाई हे वागवत होती. आपला आवाज कमी पडला. आपल्यामुळे नवरा असा झाला. रोज त्याला भरवताना, पुसताना, कूस बदलताना हेच तिच्या मनात होतं. मी एक शब्द बोललो असतो तर तिचं ओझं उतरलं असतं. मी म्हणायला हवं होतं, पहिलीच ऐकू आली होती, वहिनी. किंवा तेवढा दम नव्हता, तर निदान — नाही, दहा मारल्या असत्या तरी आली नसती. हे खोटंसुद्धा तिच्यावर उपकार झालं असतं.

मी आरशात बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. इतकं सरळ की मला वाटलं, हिला कळलंय. घाबरलो. संशय माझ्यावरून हलावा एवढंच सुचलं, आणि मी म्हणालो, "आली असती, कदाचित."

तिने मान हलवली. कसली तक्रार नाही. पुढे वाकून तिने दादाची हनुवटी पुसली आणि ती बाहेर बघत बसली.

तेव्हापासून ती कुणालाही हाका तीनदा मारते. आपल्या पोरीला, शेजारणीला, वावरातल्या बायकांना. मलाही. गावी गेलो की ओट्यावरून हाक येते — भाऊजी. मी लगेच ओ देतो, उठून उभा राहतो, तिच्या समोर जातो. तरी ती माझ्याकडे बघत उरलेल्या दोन मारते.