भिंतीवरचा बंब

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टशेजारी भिंतीवर एक बंब रंगवलेला आहे. माणसाच्या उंचीचा, तांबूस, पितळी तोटीचा. परदेशातल्या या सेंगकांगमध्ये त्याला बंब म्हणणारी मी एकटी, आणि बोटीवरून सुट्टीला आला की माझा नवरा. बाकी सगळे त्याला कॉफीचं भांडं म्हणतात. तो तिथे माझ्या हट्टामुळे आला. त्याच्या डाव्या हाताला पंपरूमचं राखाडी लोखंडी दार आहे. तिकडे मी आजही बघत नाही.

आई गेल्यावर अकरा वर्षं माझे वडील साताऱ्यात एकटे राहिले. मग विसरायला लागले, म्हणून त्यांना मी इथे आणलं. इथले ब्लॉक एकासारखे एक. पहिल्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराला आमची किल्ली लावली आणि ती फिरेना म्हणून त्या घरच्या बाईवरच रागावले. नवरा फोनवर म्हणाला, "दारापुढच्या गेटला कुलूप लाव." मी लावलं. जन्मभर सकाळ-संध्याकाळ पायी फिरलेला तो माणूस गेटचे गज धरून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुमच्या घरचे मला कधी सोडणार?" मी कुलूप काढून कचऱ्यात टाकलं.

त्याच सुमारास रहिवाशांच्या कमिटीनं ठरवलं की प्रत्येक ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या मजल्यावर एक मोठं चित्र काढायचं. आकडे विसरलेल्या म्हाताऱ्यांना चित्र तरी ओळखता येईल. खर्च रहिवाशांनीच वाटून घ्यायचा होता. आमच्या ब्लॉकचे पैसे गोळा करायचं काम मी मागून घेतलं. वर्गणी मागण्यात आपला हात कोण धरणार? गणपतीच्या पावतीपुस्तकावर वाढलेली मी, दारोदार फिरले. नवव्या मजल्यावरची एक चिनी आंटी, तीही विसरायला लागलेली, तिनं नोट दोन्ही हातांत धरून पुढे केली. मी पण दोन्ही हातांनी घेतली.

पेंटरकडे तयार चित्रांचं पुस्तक होतं. शेजारच्या ब्लॉकनं अननस घेतला, त्यापलीकडच्यांनी मासा. आमच्या वाट्याला किटली होती. माझ्या वडिलांना किटलीवरून काय आठवणार? ते रोज पहाटे मागच्या पडवीत बंब पेटवायचे. शेंड्या, भुसा, वर दोन लाकडं. घरात गीझर आला तरी आईला बंबाचंच पाणी लागायचं, आणि यांना ते तापवून द्यायचंच असायचं. मी कागदावर बंब काढून दाखवला. पेंटर म्हणाला, स्वतःचं डिझाइन असेल तर जवळजवळ दीडपट पैसे. वरचे मी भरते म्हटलं, तर कमिटीच्या प्रमुखांनी नकारार्थी मान हलवली. भिंत सगळ्यांची, पैसेही सगळ्यांचे. मग मी पुन्हा दारोदार फिरले आणि ही एक खास जुन्या पद्धतीची किटली आहे, असं धडधडीत खोटं सांगून आले. आंटीनं पुन्हा नोट दिली, पुन्हा दोन्ही हातांनी.

चित्र पुरं झालं त्या दिवशी वडील त्याच्यासमोर थबकले. "आलं घर," म्हणाले, आणि स्वतः लिफ्टचं बटण दाबून वर आले. मला रडू आलं. नंतरचे काही आठवडे मी ऑफिसात ज्याला त्याला हे सांगत सुटले.

मग त्यांना फिरून घरी यायला उशीर होऊ लागला. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. एका दुपारी मुलीचा फोन आला. ती नुकतीच शाळेतून आली होती. इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "मम्मा, आजोबा इज टॉकिंग टु द डोअर, लेह." मी सुट्टी टाकून निघाले. हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून सेंगकांगपर्यंत ट्रेनमध्ये बसले होते, पण पाठ टेकली नाही.

वडील खाली लिफ्टजवळच्या बाकावर बसले होते. मांडीवर घडी घातलेला पेपर. तोंड पंपरूमच्या दाराकडे. आत मोटर चालू होती आणि पाण्याचा आवाज येत होता.

"अगं, झालं का?" ते दाराला म्हणाले.

बंब रंगवून घेताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझं लहानपण होतं. त्या बंबाशेजारी त्यांचं काय झालं होतं, हे मी विसरले होते. विसरले कसली, मी तिकडे पाहिलंच नव्हतं. आई न्हाणीघरात गेली. वडील बाहेर बंबापाशी पेपर वाचत बसले. पाऊण तास बसले. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून दार फोडलं तेव्हा ती गेलेली होती. मी इथून पोचले तेव्हा शेजारच्या काकूंनी मला हे सांगितलं आणि त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट होती. पाऊण तास! या माणसाला साधी हाक मारायचं सुचलं नाही? मी त्यांना कधी विचारलं नाही. पण अकरा वर्षं मी त्यांच्याशी जरा तुटकच बोलत होते, आणि त्यांना ते कळत होतं.

चित्र पुसून टाकावं म्हणून मी कमिटीकडे गेले. तिथं समजलं की नवव्या मजल्यावरची आंटी आता कुणालाही न विचारता घरी येते. बंबाच्या तोटीला हात लावते आणि लिफ्टमध्ये शिरते. तिचा मुलगा माझे आभार मानत होता. मी तशीच परत आले.

मग मला एक युक्ती सुचली. शहाणपण सुचलं, असं त्या वेळी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन खांबाआड उभी राहिले. वडील आले, बसले, पेपर मांडीवर ठेवला.

"अगं, झालं का?"

माझा आवाज आईसारखा आहे, सगळे म्हणतात. मी तिच्यासारखाच हेल काढून म्हटलं, "झालंच."

वाटलं, आता समाधानानं उठतील आणि वर जातील. ते हलले नाहीत. मग इतक्या स्वच्छ आवाजात बोलले की तसं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. "त्या दिवशीही हेच म्हणालीस. झालंच म्हणालीस, म्हणून मी थांबलो."

आणि ते उठले. पेपर खाली पडला. दोन्ही तळव्यांनी ते दार बडवू लागले. "आता नाही थांबणार. उघड. उघड गं." पंपरूमचं दार घुमत होतं. मी धावत जाऊन त्यांना मागून धरलं, तरी हात थांबेनात. त्यांनी हाक मारली होती. तिनं ओ दिली होती. हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर ते एकटे खाली गेले नाहीत. कुलूप लावावं लागलं नाही, त्यांनीच जायचं सोडलं. दोन वर्षं घरातच होते. मी अंघोळीला गेले की ते बाहेर खुर्ची घेऊन बसायचे. "झालं का गं?" असं विचारायचे. मी आतून कधीच उत्तर दिलं नाही. अंगाला साबण असला तरी टॉवेल गुंडाळून दार उघडायची आणि तोंड दाखवायची. ते नीट बघायचे, "बरं" म्हणायचे, आणि मी पुन्हा आत जायची. मागच्या वर्षी ते गेले. मी अजूनही बाथरूमला कडी लावत नाही.