ण आणि न यांची लग्नं

सुधाकररावांना राष्ट्रकवी आवडत नसत, ही गोष्ट आमच्या वसईतल्या वसाहतीत दूधवाल्यालासुद्धा ठाऊक होती. टेलिफोन खात्यातली नोकरी संपवून ते इथल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा सामानात एक कपाट, एक सायकल आणि हे वैर होतं. बाकी माणूस निरुपद्रवी. कुणाचं लाइट बिल भरायचं असो की कुणाला दवाखान्यात पोचवायचं असो, ते तयार. पण राष्ट्रकवींचं नाव निघालं की जिभेला धार चढायची.

तक्रार यमकाची होती. राष्ट्रकवींची सगळ्यात गाजलेली कविता आपण सगळेच शाळेत छाती फुगवून म्हणत आलो:

तुझ्या नद्यांचे अमुच्या ओठी सदैव राहो पाणी
तुझ्याच पायी वाहुन टाकू अमुची उभी जवानी

“पाणी आणि जवानी!” सुधाकरराव म्हणायचे. “पुढे प्राण आणि महान. त्यापुढे कोण आणि दोन. हा कवी नव्हे हो, ण आणि न यांची लग्नं लावणारा भटजी आहे. आणि एकही जोडपं सुखी नाही. मी चेष्टा करत नाही, स्वतः म्हणून बघा.” आम्ही हसायचो. वाचनालयात संध्याकाळी पेपर चाळायला येणारे निम्मे लोक खरं तर यासाठीच येत.

हसत नसत त्या मनोरमाबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, आणि राष्ट्रकवींच्या निस्सीम भक्त. “भावना बघा, यमक काय बघता!” म्हणता म्हणता त्या डोळ्यांना पदर लावत. मला विचाराल तर ती कविता ऐकणं दोघांनीही कधीच सोडून दिलं होतं. एक चुका शोधत, दुसऱ्या डोळे पुसत.

अठ्ठ्याण्णव साली राष्ट्रकवींची जन्मशताब्दी आली. वाचनालयाने मुलांची पाठांतर स्पर्धा ठेवली. पहिल्या नंबराने मुख्य समारंभात, मोठमोठ्या पाहुण्यांसमोर, हीच कविता म्हणायची होती. परीक्षक कोण, यावर समितीत तंटा झाला आणि शेवटी दोघांनाही बसवलं. आमची समिती याला समतोल म्हणते.

वसाहतीतली मुलं घोटून घेतलेले हातवारे करून गेली. मग जागृती उठली. आठवीतली मुलगी, खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. आजी भागूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. जागृतीने हात हलवले नाहीत. घरी बोलतात तशी, सरळ म्हणायला लागली:

“तुझ्या नद्यांचे अमुच्या ओठी सदैव राहो पानी…”

मागे खसखस पिकली. सुधाकररावांनी सवयीने पेन्सिल उचलली आणि ती तशीच हातात राहिली. पानी, जवानी. प्रान, महान. कोन, दोन. एकेक ओळ दुसरीला जाऊन बरोब्बर भिडत होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी काही कवितेतला माणूस नव्हे.

मनोरमाबाईंनी उच्चारांना शून्य दिलं. “ण नाही म्हणजे राष्ट्रकवींची विटंबना आहे.”

तेव्हा सुधाकररावांनी माइक मागून घेतला. “मी आयुष्यभर चुकलो,” ते म्हणाले. “या कवितेत एकही यमक चुकलेलं नाही. राष्ट्रकवींचं बालपण खाडीकाठी गेलं, हे मनोरमाबाईच दरवर्षी सांगतात. त्यांच्या घरात पानीच म्हणत असणार. छापताना कुणीतरी ते शुद्ध करून ठेवलं. या मुलीने म्हटली ती खरी कविता. पहिला नंबर हिचा.”

सभागृह खो खो हसलं. “आज सुधाकरराव फॉर्मात!” कुणीतरी ओरडलं.

“मी चेष्टा करत नाही!” ते म्हणाले. हशा दुप्पट झाला.

मनोरमाबाई ताडकन उठल्या. “राष्ट्रकवी अशुद्ध बोलायचे? वैर असावं माणसाचं, पण इतकं?”

जागृती अजून तिथेच उभी होती, मान खाली घालून. भागूबाईंनी तिचा दंड धरला. “चल गो पोरी, आपन घरी जाऊ. हसतात ते.” सुधाकरराव मागोमाग दारापर्यंत धावले, पण आजीने वळूनही पाहिलं नाही. मला त्या माणसाची मनापासून दया आली.

पहिला नंबर एका शुद्ध मुलाला मिळाला.

मनोरमाबाई दुष्ट असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्या भल्या बाई. खाडीकाठी जाऊन त्यांनी भागूबाईंची समजूत काढली आणि वर्षभर जागृतीला फुकट शिकवलं. जीभ मागे, टाळूला लावून: ण, ण, ण. सुधाकरराव वर्षभर राष्ट्रकवींबद्दल वाईट शब्द बोलले नाहीत. लोक म्हणाले, थकले आता.

पुढच्या वर्षी तीच स्पर्धा, तीच कविता. जागृतीचा प्रत्येक ण खणखणीत वाजला आणि प्रत्येक यमक पुन्हा लंगडं झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मनोरमाबाईंनी डोळे पुसले. पहिला नंबर जागृतीचा.

सुधाकरराव अभिनंदन करायला पुढे गेले, तशी ती जरा मागे सरली.

“सर,” तिने विचारलं, “आता कोणीच हसणार नाही ना?”

“नाही गं,” ते म्हणाले. “आता कोणीच नाही.”