उजव्या खिशातली चिंबोरी

उजवा की डावा, या एका प्रश्नावर मी मागच्या वर्षी कितीतरी रात्री जागून काढल्या. प्रश्न माझ्या दिराच्या पॅन्टच्या खिशांचा होता. एका खिशात माझ्या मुलीसाठी चॉकलेट असायचं आणि दुसऱ्यात पिस्तुल.

हे असं एकदम सांगितलं की मैत्रिणी आधी हसतात, मग खुर्ची पुढे ओढतात. खरं तर किस्से जमवायला कुणी जात नाही. घरात एखादी चुकीची वस्तू आली की ते आपोआप साठतात, फ्रिजमागे धूळ साठते तसे. आमच्याकडे ती वस्तू यायला दोन वर्षं लागली, पण धूळ त्याआधीच जमायला लागली होती.

माझं माहेर सांगलीचं, सासर खाडीकाठच्या करावे गावातलं. खालच्या मजल्यावर सासूबाई आणि धाकटे दीर हेमंत, वर मी, माझा नवरा संदेश आणि चार वर्षांची ईरा. भाऊजींचे रबाळ्याला टेम्पो चालतात. एका कंत्राटावरून कुणाशी तरी वाजलं. एक दिवस सिग्नलला दोन माणसांनी गाडीच्या काचेवर टकटक केली, "घरचे बरे आहेत ना सगळे?" एवढंच विचारलं आणि निघून गेली. पोलिसांत जा, असं तेव्हा पहिल्यांदा मीच म्हणाले. भाऊजी गेले, तक्रार दिली, आणि पिस्तुलाच्या लायसन्ससाठी अर्ज करायचं ठरवूनच परत आले. म्हणजे सुरुवात माझ्यापासूनच झाली. बहुतेक गोष्टींची होते.

*

लायसन्स यायच्या आधीच घ्यायचं काय यावर दर रविवारी घरापुढच्या ओट्यावर बैठक बसायची. अध्यक्ष बाळाशेठ. भाऊजींचे मित्र, गावातले जुने लायसन्सवाले. त्यांचं मत रिव्हॉल्वर. सहा गोळ्या, साधं काम, कधी अडकत नाही. भाऊजी म्हणायचे, पण त्याचं पोट किती सुटलंय, खिशात आंबा ठेवल्यासारखं दिसतं. पिस्तुल चपटं असतं, मांडीला चिकटून बसतं. बाळाशेठ म्हणायचे, बसतं, पण नखरे करतं. परदेशी व्हिडिओतली तळहाताएवढी पिस्तुलं बघून दोघं उसासे टाकायचे, कारण ती इथे मिळायची नाहीत, आणि नऊ एमएम तर आपल्यासारख्यांना ठेवताच येत नाही. मी चहा ठेवून जाता-येता ऐकायची. नवीन मोबाईल घेताना संदेश अगदी असाच बोलतो: जाडी किती, वजन किती, हातातून सटकतो का.

वजनाची सवय व्हावी म्हणून भाऊजींनी आठ दिवस खिशात लोखंडी बत्ता घालून फिरायचं ठरवलं. चौथ्या दिवशी शेजारच्या हळदीला ते नवरदेवाच्या आजीच्या पाया पडायला वाकले आणि बत्ता खणकन फरशीवर पडून मांडवभर घरंगळत गेला. बँडवाले थांबले. सासूबाई शांतपणे उठल्या, बत्ता उचलला, पदराने पुसला.

"चार दिस झालं, घरात लसून ठेचला नाय," त्या म्हणाल्या, आणि घरी निघून गेल्या.

*

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. माझा डिजिटल काटा एका रविवारी ओट्यावर गेला. बाळाशेठनी सगळ्यांसमोर गोळ्या काढून आपलं रिव्हॉल्वर त्यावर ठेवलं, आणि आकडा बघून पाऊण किलोच्या आसपास म्हणून मान डोलावली. त्यानंतर मी तो काटा तीनदा साबणाने पुसला. तरी त्या आठवड्यातले सगळे केक मला जड वाटत राहिले.

माझं तोंड बघून बाळाशेठना वाटलं, मलाही आवड आहे. म्हणाले, वहिनी, लेडीज लोकांसाठी पण हलकं येतं, पर्समध्ये राहतं. मी पर्स त्यांच्यासमोर रिकामी केली. वेट वाइप्स, ईराचा एक मोजा, अर्धं बिस्किट, फॉइलमधली कालची पोळी, कंपासपेटीचं झाकण, आणि सगळ्यात शेवटी, बऱ्याच वेळाने, घराची किल्ली.

बाळाशेठ विचारात पडले. "चोराला जरा थांब म्हणून सांगावं लागेल," ते म्हणाले.

*

लायसन्स आलं. पिस्तुलच घ्यायचं ठरलं, मापाला छोटं, चपटं. आता खिसा. बाजारातल्या पॅन्टच्या खिशात ते आडवं व्हायचं, म्हणून भाऊजी नेरूळच्या टेलरकडे गेले. सोबत संदेश होता, त्याने येऊन सांगितलं. भाऊजींनी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून आवाज उतरवला. उजवा खिसा खोल हवा, आतून जाड अस्तर हवं, तोंड जरा तिरकं. टेलरने मापाची टेप गळ्यात टाकली आणि विचारलं, आत काय ठेवणार?

"मोबाईल," भाऊजी म्हणाले.

टेलरने वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "बाळाशेठचा पण असाच मोबाईल आहे. त्यांना मी दोन पॅन्टी शिवल्यात."

*

लपवून बाळगायची वस्तू किती लपते, हे मला मासळीबाजारात कळलं. भाऊजी दर दहा पावलांनी उजवी मांडी चाचपायचे आणि तो पाय किंचित लांब टाकायचे. आमची नेहमीची कोळंबीवाली मावशी त्यांना लांबून येताना बघत होती. तिने मला जवळ बोलावून सांगितलं, दिराला म्हणावं लाजू नको, अशा जागी गळू झालं की कांदा भाजून बांधतात. मी मान हलवली. तेवढ्यात तिची सून मागून म्हणाली, "गळू नाय गं आय, घोडा हाय तो, पिस्तुल. सगल्या गावाला म्हाईत हाय."

*

पिस्तुल आलं आणि पंधरा दिवसांत आचारसंहिता लागली. निवडणूक म्हटली की लायसन्सवाल्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. भाऊजींचा चेहरा पडला. ते परत आणलं, तर काही महिन्यांत दुसरी निवडणूक आली, पुन्हा जमा. मी लोकशाहीची इतकी चाहती कधीच नव्हते. पेपर उघडला की मी आधी बघायची, कुठे पोटनिवडणूक तरी आहे का.

पण निकाल लागतातच कधीतरी.

*

आता खिशांचं सांगते. ईराची जुनी सवय होती: काका घरी आले की धावत जायचं आणि त्यांच्या उजव्या खिशात हात घालायचा. चॉकलेट, चिक्की, कधी नुसती दोन बोरं. भाऊजी उजव्या हाताचे, त्यामुळे पिस्तुल उजव्या खिशात आलं आणि चॉकलेट डावीकडे गेलं. मी त्यांच्याशी बोलले. ते चिडले नाहीत, उलट माझ्यापेक्षा जास्त समजावत राहिले. सेफ्टी असते. घरी आलो की कपाटात जातं. किल्ली माझ्या गळ्यात. शेवटी म्हणाले, "वहिनी, ती दोघं जण घरच्यांबद्दल विचारून गेली होती. मी हे कुणासाठी घेतलं?"

यावर मला सुचलं ते दोन दिवसांनी, आणि ते नसतं सुचलं तर बरं झालं असतं.

पिस्तुल हा शब्द मला तिच्यासमोर उच्चारायचा नव्हता. उद्या शाळेत सांगेल, ही एक भीती. खेळायला मागेल, ही दुसरी. म्हणून मी ईराला मांडीवर घेऊन अगदी गंभीरपणे सांगितलं की काकांच्या उजव्या खिशात चिंबोरी आहे. खेकडा. जिवंत. हात घातलास की नांगीने धरेल, रक्त येईल. ईरा डोळे मोठे करून ऐकत होती. तिने मान हलवली. भाऊजींनाही मी तिच्यासमोर चिंबोरीच म्हणायला सांगितलं. त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपले.

मी सांगलीची. लग्नानंतर सिंकमध्ये पहिली जिवंत चिंबोरी बघितली तेव्हा मी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसले होते, आणि सासूबाई हसून हसून खाली बसल्या होत्या. मी माझी भीती उचलून मुलीला दिली. तिला ती मापात बसते का, हे बघायचं राहून गेलं. ईरा याच घरात वाढलेली. तीन वर्षांची असताना आजीने तिला खाडीवरून आलेल्या टोपलीपाशी बसवून शिकवलंय की चिंबोरी मागून, पाठीवर धरायची, मग ती काही करत नाही. ईराच्या लेखी चिंबोरी म्हणजे मांजराचं पिल्लू.

तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी भाऊजी अंघोळ करून बाहेर आले, पिस्तुल कपाटात ठेवायला म्हणून खुंटीवरच्या पॅन्टच्या खिशात हात घातला, आणि मला हाक मारली. आवाज वेगळा होता, म्हणून सासूबाईही आल्या. भाऊजींच्या तळहातावर चिमूटभर सुका जवळा होता, वाळवलेली बारीक कोळंबी.

"आपल्याच डब्यातला हाय," सासूबाई म्हणाल्या.

घरी आलो की कपाटात, या वाक्याच्या मधोमध एक अंघोळ होती, आणि ती आमच्यापैकी कुणी मोजलीच नव्हती. रोजची दहा मिनिटं.

मग भाऊजी म्हणाले, वरून टाकला असेल ईराने. चिंबोरीला खायला म्हणून. हात काही आत गेला नसणार, खिसा केवढा खोल आहे. सासूबाईंनी लगेच होकार दिला, तिचा हात खुंटीपर्यंत कुठला पोचतोय. संदेश आल्यावर त्यालाही तसंच सांगितलं, तोही हो म्हणाला. खुंटीखाली प्लॅस्टिकचं स्टूल होतं. ते मी बघितलं, आणि मीही हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी टेम्पोवर गेलेच नाहीत. जिथून घेतलं होतं त्या दुकानात जाऊन पिस्तुल जमा करून आले. दुपारी घरात शिरले ते पॅन्टचे दोन्ही खिसे उलटे बाहेर काढून. चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. तो चेहरा मी आरशात वर्षभर बघत होते, त्यामुळे लगेच ओळखला.

ईरा चॉकलेटसाठी धावत आली आणि लोंबते खिसे बघून थांबली. भाऊजी तिच्यासमोर उकिडवे बसले.

"ईरा, चिंबोरी गेली बरं का. खाडीत सोडून आलो तिला. आता पोहत असेल मस्त."

ईराने त्यांच्या गालावर हात ठेवला. आजी कुणाला दुखवट्याला भेटायला गेली की ठेवते, तसा.

"ती मेलेली होती, काका. जवळा पण खाल्ला नाही तिने. मी रोज मागून धरून बघायचे, गारच असायची."