मास्तरांच्या पँटच्या पाच शिवणी

मास्तरांनी आयुष्यात कुणाच्या अंगावर सैल कपडा सहन केला नाही. रस्त्यात अनोळखी माणसाच्या कोटाची बाही लांब दिसली तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एकदा एका वकिलाला भर चौकात थांबवून ते म्हणाले होते, "साहेब, खांदा उतरलाय. दुकानावर या, फुकट करून देतो." वकील काही आला नाही आणि मास्तरांनी त्याला कधी माफ केलं नाही. अशा माणसाला बारीक होत जाण्याचा रोग व्हावा, हा देवाचा निव्वळ खोडसाळपणा.

रोगही साधासुधा नव्हता. लहान आतड्यात गाठ आणि तिथून यकृतात पसरलेली. नाव इतकं लांबलचक की मास्तरांनी ते मापाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. असा कॅन्सर लाखात मोजक्याच लोकांना होतो, सावकाश वाढतो, पण आता पुरता जायचा नाही, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं. दिवसातून दहा-बारा वेळा संडासला पळावं लागे. बसल्याजागी चेहरा लालबुंद होई, छाती धडधडे, आणि सकाळी कापलेली बाही संध्याकाळपर्यंत जोडून होत नसे. अंग तर नुसतं झडत होतं.

पँट ढिली झाली की मास्तर ती आत घ्यायचे. त्यांची एक जुनी पद्धत होती. जादा कापड ते कापून टाकत नसत, जुनी शिवणही उसवत नसत. तिच्या आतून नवी घालत आणि कमरपट्टीच्या आतल्या बाजूला बॉलपेननं माप आणि तारीख लिहून ठेवत. गिऱ्हाईक पुन्हा अंगानं भरलं तर किती सोडायचं ते कळायला हवं ना. तीस वर्षं लोकांच्या पँटी अशा आत घेतल्या, मग स्वतःच्या वेगळ्या कशाला घेतील? शेवटी शेवटी मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडायला आले होते. वरून मात्र पँट अंगाला अशी बसायची की बघत राहावं.

अपंगत्व भत्त्याचा अर्ज भरायला मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, विमा एजंट, जगातल्या सगळ्या फॉर्मांचा जाणकार. भत्ता मिळाला तर मास्तरांना मशिनवरून उठता येणार होतं. नाही मिळाला तर मशिनवरच बसायचं, पडेपर्यंत. फॉर्मवर रोगांची यादी होती, तिच्यात मास्तरांचा रोग नव्हता. मेहुण्यानं 'इतर' वर खूण केली.

"भाऊजी, एक ऐका," तो म्हणाला. "तपासणीला जाताना दाढी करू नका. एखादा ढगळ शर्ट घाला. जरा आजारी दिसा."

"मी आजारी आहेच."

"आहात हो. दिसत नाही."

"ढगळ शर्ट घालून मी घराबाहेर पडू?" मास्तरांचा आवाज चढला. "उद्या माझ्याकडे कोण कपडे टाकेल?"

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, म्हणजे नाद सोड.

तपासणीच्या दिवशी मास्तर गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्री करून गेले. तीन तास बाकावर बसवलं. संडासाला कुलूप, किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी दर वेळी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायचा, "परत?" आत गेल्यावर तपासणारी डॉक्टरीण मान वर न करता म्हणाली, "किती वेळा जावं लागतं?" परक्या बाईसमोर आकडा सांगायची मास्तरांना लाज वाटली. "अधूनमधून," ते म्हणाले. "अजून शिवता?" तिनं विचारलं. शिंप्याला कुणी असं विचारलं तर तो नाही कसं म्हणेल? "म्हणजे काय, शिवतो की," मास्तर म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा चेहरा नेहमीसारखा लाल झाला.

महिन्याभरानं पत्र आलं. अर्जदार नीटनेटका आहे. कपडे अंगावर व्यवस्थित बसतात, वजन घटल्याचं दिसत नाही. चेहरा टवटवीत. स्वतःचा व्यवसाय करतो असं स्वतःच सांगतो. अर्ज नामंजूर.

मास्तरांनी ते पत्र तीनदा वाचलं. टवटवीत हा शब्द त्यांना इतका झोंबला की दिवसभर ते बायकोवर, मांजरावर आणि मशिनवर सारखेच खेकसत राहिले. रोगानं तोंडाला लाली आणावी आणि सरकारनं तिला तब्येत म्हणावं! अशा लोकांना जोड्यानं मारावं असं मास्तर म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नाही.

मेहुण्यानं अपील टाकलं. फेरसुनावणीला टेबलामागे तिघं होती. उजवीकडचा जांभया देत होता, डावीकडचा लिहीत होता. मधल्या बाई अध्यक्ष. त्यांच्या कोटाचं अस्तर खालून लोंबत होतं, आणि हिला माणसं पारखायला बसवलंय, असं मास्तरांच्या मनात आलं. बायको मागच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत नेहमीची जादा पँट होती, कारण संडास वेळेवर सापडेलच याचा भरवसा नसे.

"वजन घटलं म्हणता," बाई म्हणाल्या. "आजाराआधी किती होतं? कुठे नोंद आहे?"

"आधी मी डॉक्टरकडे कशाला जाऊ? धडधाकट होतो."

"म्हणजे नोंद नाही. तुम्ही नुसतं म्हणता म्हणून आम्ही मानायचं?"

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. हे रोगाचं नव्हतं. ते वळले, बायकोच्या मांडीवरची पिशवी ओढली, आतली करडी पँट उलटी केली आणि सरकारी टेबलावर फायलींवर पसरली.

"ही घ्या नोंद. ही पहिली शिवण, कंबर छत्तीस. ही पस्तीस. ही चौतीस. तेहतीस. ही शेवटची, एकतीस. तारखा लिहिल्यात. तुमच्या डॉक्टरीणबाईंना मी नीटनेटका दिसलो, तो याच्यामुळे."

जांभया देणाऱ्यानं तोंड मिटलं. बाईंनी पँट जवळ ओढली, एकेका शिवणीवरून बोट फिरवलं, तारखा वाचल्या. मग म्हणाल्या, "हे सगळं तुम्हीच शिवलंत?"

"हो," मास्तर म्हणाले.

"म्हणजे हात चालतात तुमचे. काम करता येतं."

डावीकडच्यानं ते लिहायला घेतलं. मागून बायको हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, सांगा ना."

पाचवी शिवण मास्तरांची नव्हती. त्या दिवशी ते तीनदा मशिनवर बसले आणि तीनदा उठले, आणि संध्याकाळी बायकोनं काही न विचारता ती घातली होती. शिवण इतकी वाकडी होती की दोन दिवस ते तिच्याशी धड बोलले नव्हते. आपल्या अंगावरच्या कपड्यात अशी शिवण आहे हे कुणाला कळलं तर, या एका धास्तीनं ते तेव्हापासून शर्ट बाहेर सोडत होते.

"शेवटची नाही," ते म्हणाले. मग तिच्यावर बोट ठेवून पुन्हा म्हणाले, "शेवटची माझी नाही. नीट बघा. ती वाकडी आहे. बायकोनं घातलीये. मला आता दहा मिनिटं मशिनवर बसवत नाही. दिवसातून बारा वेळा संडासला जातो. दुकान उघडतो, पण शिवत नाही. आलेलं काम परत पाठवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, फार काम आहे."

बायकोलाही यातलं शेवटचं माहीत नव्हतं.

बाईंनी पँटची घडी घालायचा प्रयत्न केला. त्यांना ती घालता येईना. मास्तरांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

भत्ता मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मास्तर पडून होते. मेहुण्यानं मोठ्यांदा वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला तो अडखळला. मंजुरी एक वर्षापुरती, सुधारणा अपेक्षित, पुढील वर्षी अर्जदारानं पुन्हा तपासणीस हजर राहावं.

"काय अपेक्षित?" मास्तरांनी विचारलं. मेहुण्यानं पुन्हा वाचलं.

"गाढव आहेत सगळे," मास्तर म्हणाले. मग त्यांनी बायकोला हाक मारली. करडी पँट पुन्हा ढिली झाली होती, ती घेऊन ती मशिनवर बसत होती. गेला महिनाभर ती दुपारी जुन्या चिंध्यांवर शिवण सरळ घालायला शिकत होती, आणि मास्तर पडल्यापडल्या तिच्यावर ओरडत होते.

"अगं, ही सरळ घालू नकोस," ते म्हणाले. "वाकडीच घाल. नाहीतर पुढच्या वर्षी म्हणतील, मास्तर बरे झाले."