मेलेला उस्ताद

आमची कंपनी उत्तरेच्या डोंगरात होती तेव्हा मी हवालदार होतो, दहा जणांच्या एका सेक्शनचा कमांडर. गाव अर्धापूर, जिल्हा नांदेड. आपल्याच सेक्शनमधून पुढचा लान्स नायक तयार करायचा, असा आमच्याकडे दंडक होता. बाहेरून कोणी येत नसे.

माझ्या नजरेत शिपाई गौतम सूर्यवंशी होता. निलंग्याजवळचा. नेमबाजी, नकाशा, दोरकाम, सगळ्यात पहिला. तरी प्रमोशन कॅडरमध्ये, म्हणजे बढतीच्या परीक्षेत, एकदा नापास झाला होता. पुन्हा नापास झाला असता तर बाहीवरची पट्टी कायमची हुकली असती. कारण एकच, हुकूम देता येत नव्हता. हुकूम द्यायला सांगितलं की म्हणायचा, "जरा तिकडून येता का, भाऊ?"

मी रोज सकाळी साडेसहाला सराव घेई, म्हणून पोरं मला उस्ताद म्हणत. सरावात मध्येच मी ओरडे, "कमांडर खलास!" आणि आडवा पडे. मग गौतमने सेक्शन चालवायचं. माझा नियम होता, मेलेला माणूस बोलत नाही. पण गौतम प्रत्येक हुकमाआधी माझ्याकडे बघायचा, आणि मीही मेल्या मेल्या मान हलवायचो.

असं का, याचं मला भारी कुतूहल. एकदा चहा पिताना विचारलंच.

"उस्ताद, आमच्या घरानं गावात हुकूम ऐकलेत," तो म्हणाला. "दिले न्हाईत कवा. त्वांडातून निघतच न्हाई."

मला लाज वाटली. आमच्या घरचे हुकूम कोण ऐकायचं, ते मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी मेलो तेव्हा लोकरी टोपी तोंडावर ओढून घेतली. आता त्याला माझी मान दिसत नव्हती. मग गौतमचा आवाज आला, "दोघं डावीकडं! बाकी माझ्यामागं!" सेक्शन जवळजवळ मला तुडवतच पुढे गेलं. टोपीखाली मी हसत होतो.

त्याच सुमारास त्याला घरून पत्र आलं. पाऊस हुकलाय, वडील दुष्काळी कामावर खडी फोडतात, आणि आपला जिल्हा नवा झालाय, आता लातूर लिहीत जा. उत्तरात त्याने काय लिहिलं ते तेव्हा मला कळलं नाही.

पुढच्या कॅडरला आठ दिवस उरले होते. आम्ही दहा जण पुढच्या पोस्टवर रेशन घेऊन निघालो. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दरड आली. माझी मांडी दगडाखाली सापडली आणि एक जवान खाली नाल्यात फेकला गेला. सगळे जागच्या जागी थिजले.

गौतमने माझ्याकडे बघितलं. मी टोपी तोंडावर ओढली.

"कमांडर घायल. कमांड मी घेतली. ओव्हर," वायरलेसवर त्याचा आवाज स्थिर होता. मग हुकूम सुटले. तिघं दगडाला, तिघं दोराला, एक जण वर नजर ठेवायला.

मला राहवलं नाही. "गौतम, दोर आधी..."

"मेलेला मानूस बोलत न्हाई, उस्ताद. गप पडा!"

मी गप पडलो.

वीस मिनिटांत नाल्यातला जवान वर आला. मला दोघांनी उचललं. त्याने एकेकाला पुढे काढलं, आपण शेवटी राहिला. कमांडर शेवटी निघतो, हे मीच शिकवलं होतं. दुसरी दरड आली तेव्हा वाटेवर तो एकटाच होता. आम्ही नऊ जण परत आलो.

काठी टेकत चालता येऊ लागल्यावर मी त्याच्या गावी गेलो. वडील खडीच्या कामावर भेटले. दुष्काळाने सारं गावच तिथे आणलं होतं, जमीनवाले आणि बिनजमिनीचे एकाच ढिगाशी बसले होते. म्हाताऱ्याने खिशातून पत्र काढलं.

"पोरानं लिवलं व्हतं, मला हुकूम द्याया जमाय लागलंय. खरं हाय का, सायेब? कुणाला दिला त्यानं?"

"मला दिला," मी म्हणालो. "मी त्याचा वरचा होतो. तरी ऐकला, म्हणून जिवंत आहे."

म्हाताऱ्याने हातोडी खाली ठेवली. आजूबाजूला बघितलं.

"जरा मोठ्यानं सांगा," तो म्हणाला.

मी काठी टाकली, सावधान उभा राहिलो आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.